पाचवा कप्पा

पैज लागली मिशीवर, आणि ती लागली लाइट गेली म्हणून.

अठ्ठ्याऐंशी सालचा जुलै. संध्याकाळची सातची वेळ. सिल्वासातल्या आमच्या बिल्डिंगची लाइट गेलेली, म्हणून आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसलेलो. मी, माझी बायको दुर्गा आणि शेजारचे भास्कर मास्तर. मास्तर राजापूरचे, इथल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी शिरपूरकडचा, जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत फिटर. वरच्या मजल्यावरून आवाज येत होता. एकच शब्द चारदा, मग गप्प, मग परत चारदा.

"काय बोली राहिला तो?" दुर्गाने विचारलं.

"कॉन्शिएन्शस," मास्तर म्हणाले. "म्हणजे इमानाने काम करणारा. शब्द बरोबर आहे, पण तो जिभेवर असा घासतोय की माझे दात शिवशिवतात."

"हजार करायचे म्हणतो दिवाळीपर्यंत," मी म्हटलं.

"हजार? असले? अरे, मी बी.ए. झालो तेव्हा मला असले हजार येत नव्हते."

"आता तरी येतात का मास्तर?"

"नथू, तोंड सांभाळ. आणि लिहून घे माझ्याकडून. दिवाळीला त्याचे सहाशे झाले तरी खूप झाले."

"हजार होतील. लावता?"

"काय लावतोस?"

माझ्या तोंडातून निघालं ते निघालं. मास्तरांची मिशी झुपकेदार, माझी पीळ दिलेली, दोघांनाही आपापल्या मिशीची फार हौस. ठरलं असं: हरेल त्याने रविवारी सकाळी किलवणी नाक्यावर, रमाकांत न्हाव्याची खुर्ची बाहेर रस्त्याला काढून, बाजाराच्या गर्दीत अर्धी मिशी उतरवायची. आणि तसंच चालत बस स्टँडला जाऊन परत यायचं.

"दोघंही खुळे," दुर्गा म्हणाली. तेवढ्यात लाइट आली.

वर राहायचा तो माणूस पोलंडचा. नाव काझिमेश. दुर्गाने पहिल्याच दिवशी त्याचं काशीनाथ केलं आणि तोही काशीनाथला ओ द्यायला लागला. त्याचं गाव वूच, सगळं गिरण्यांचं. आमच्या कंपनीने तिकडून धागा पिळायची मशीनं मागवली होती, ती उभी करून आम्हाला शिकवायला तो आला होता. वर्षाचा करार. उंच, लाल कानाचा, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. दूध न घालता काळा चहा प्यायचा, त्यात लिंबू पिळून. जेवण आमच्याकडून. रविवारी गळ घेऊन दुधनीला जायचा, धरणाच्या पाण्याकाठी बसायचा आणि संध्याकाळी दोन मासे दुर्गाच्या हातात ठेवायचा.

त्याचं कामापुरतं इंग्रजी चांगलं होतं. नट, बोल्ट, बेअरिंग, प्रेशर, सगळं. पण त्याला लागत होतं ते वरच्या पायरीचं इंग्रजी. कॅनडातल्या एका गिरणीने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, मुंबईला इंग्रजीची परीक्षा पास व्हायची आणि फेब्रुवारी संपायच्या आत तसं पत्र पाठवायचं. मग इथूनच परस्पर तिकडे जायचं आणि नंतर बायको-पोरीला बोलावून घ्यायचं. बायको हालिना, पोरगी एवा, नऊ वर्षांची. परस्पर का, तर त्यांच्याकडे तेव्हा पासपोर्ट घरात ठेवायला मिळत नव्हता. परत गेलं की कचेरीत जमा. पुन्हा मागितला तर देतील, न देतील. म्हणजे एकदा घरी गेला की बसला.

हे सगळं मला माहीत होतं. त्यानेच सांगितलं होतं, मशीनखाली आडवे पडून आम्ही दोघं पट्टा चढवत असताना. त्याचं इंग्रजी, माझं कंपनीतलं इंग्रजी आणि मधे हिंदीचं ग्रीस. इथे मी ते मराठीतच सांगतो.

त्याची शिकायची पद्धत बघण्यासारखी होती. धाग्याचे कोन, म्हणजे मोठी रिळं, ज्या खोक्यातून जातात त्यात पुठ्ठ्याचे कप्पे असतात. त्याने तसला एक तुकडा कापून पाच कप्प्यांचा करून घेतला. रद्द झालेल्या लॉटची लेबलं मागून नेली, त्यांची कार्डं केली. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे त्याच्या भाषेतला. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कुठेही अडलं की थेट परत पहिल्यात, चौथ्यात असलं तरी. पाचव्यात पोचलं की ते कार्ड झालं. मग तो त्याच्याकडे बघतसुद्धा नसे.

"नथू," तो म्हणायचा, "डोकं खोटं बोलतं. मला येतं, मला येतं म्हणतं. खोकं खोटं बोलत नाही."

पैजेचं मोजमाप हेच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हजारच्या हजार कार्डं पाचव्या कप्प्यात हवीत.

शनिवारी मास्तर त्याला शिकवायला वर जायचे, आणि मी मजा बघायला. मला वाटायचं, लांबलचक शब्दांनी त्याची दमछाक होईल. तसं नव्हतं. लांबलचक शब्द तो घोकून घोकून गिळायचा. त्याचा घात करायचे ते ओळखीच्या तोंडवळ्याचे. म्हणजे शब्द त्याच्याही भाषेत होता, थोडासा वेगळा, पण अर्थ भलताच. मास्तर एकदा म्हणाले, आमचं जेवण अगदी ऑर्डिनरी असतं. काशीनाथचे कान आणखी लाल झाले. त्याच्याकडे त्या शब्दाचा अर्थ असभ्य, शिवराळ. इव्हेन्चुअली म्हणजे शेवटी एकदाचं. त्याच्याकडे तसलाच शब्द म्हणजे जमलंच तर. सिम्पथेटिक म्हणजे त्याच्याकडे नुसता गोड स्वभावाचा माणूस. असले दोनअडीचशे होते. चढत चढत चौथ्या कप्प्यापर्यंत जायचे आणि धाडकन पहिल्यात.

"चुलतभावासारखे आहेत," तो एकदा म्हणाला. "दिसतात घरचे, पण घात करतात."

"मग खरंच चुलतभाऊ," मास्तर म्हणाले. त्यांची राजापूरच्या जमिनीची केस चुलतभावांशीच चालू होती.

नवरात्र आलं. मी एके सकाळी वर डोकावलो तर पाचव्यात सहाशे-साडेसहाशे, आणि पहिला कप्पा गच्च. मास्तर जिन्यात भेटले की मला बघून मिशीवरून बोट फिरवायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं बोट. हे फार लागायचं मला.

आता माझी ख्याती सांगतो. आमच्या कंपनीत कुणाच्या डब्यात भाजीऐवजी ग्रीसचा गोळा निघाला, कुणाची सायकल झाडावर दिसली, तर चौकशी होतच नसे. सगळे सरळ माझ्याकडे बघायचे. मीही नाकारत नसे. तर अशा माणसाकडे काशीनाथच्या खोलीची चावी होती. दुर्गा सकाळी त्याचं रात्री प्यायचं दूध आत ठेवायची म्हणून. मी त्या महिन्यात सेकंड शिफ्टला, म्हणजे सकाळभर मोकळा. आणि तो कंपनीत. दूध मीच वर न्यायला लागलो.

पहिल्या दिवशी सहा कार्डं. पहिल्या कप्प्यातून काढली, पाचव्यात मधेमधे खोचली. दुसऱ्या दिवशी आठ. दुर्गाने विचारलं, "दूध ठेवायला इतका वेळ?" म्हटलं, मांजर येतं, खिडकी लावत होतो. मला वाटत होतं, काय फरक पडतो. माणूस शिकतो ते शिकतोच, कार्ड कुठल्या खणात पडलंय त्याने काय होतं. मोजून कधी बघत नसे तो. अंगठ्याने जाडी बघायचा, जसा धाग्याचा कोन बघायचा तसा.

आणि पहिल्या कप्प्याची जाडी कमी होत होती. दसऱ्याच्या आसपास, माझ्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी तो खाली आला तो शिटी वाजवत. दुर्गाने चहा दिला. म्हणाला, "वहिनी, माझं डोकं अजून चालतं. पहिला कप्पा एवढासा राहिला." दोन बोटं जवळ धरून दाखवली.

मी हसलो. खरंच हसू आलं मला तेव्हा. वाटलं, बघा, माझ्यामुळे माणूस खूश.

मग त्याने सांगितलं. परीक्षा दोनदा असायची, नोव्हेंबरात आणि जानेवारीत. तो जानेवारीला बसणार होता. त्यासाठी कंपनीने त्याला दोन महिने वाढवून द्यायचं कबूल केलं होतं. "ते मी आज नको म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "नोव्हेंबरलाच बसतो. खोकं भरत आलंय, उगाच का थांबू? डिसेंबरात इथलं संपवायचं आणि सुटायचं."

मास्तरही होते तिथे. म्हणाले, "थांबला असता तर बरं. जानेवारीचा वेळ हातात असू दे."

"मास्तर, तुम्ही पैज हरणार म्हणून म्हणता," काशीनाथ म्हणाला. आमची पैज त्याला माहीत होती. फार गंमत वाटायची त्याला.

मास्तर माझ्याकडे वळले. "तू सांग रे नथू. तुझं ऐकतो तो."

तेव्हा सांगायला हवं होतं. सगळं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं "काशीनाथ, एकदा पाचवा कप्पा परत बघून घे" एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. चहाचा कप हातात होता, तो घोट गिळेपर्यंत वेळ होता. मी मास्तरांच्या मिशीकडे बघितलं. ती अर्धी झाल्यावर कशी दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हटलं, "ज्याची तयारी झाली त्याने कशाला थांबायचं?"

चौथ्यातून पडणारी कार्डं पहिल्यात येतच होती; पुढचे तीन आठवडे मी ती रोज दहा-दहा हलवली.

लक्ष्मीपूजनाला आम्ही वर गेलो. दुर्गाने खोलीत पणती लावली. काशीनाथने खोकं पलंगावर ठेवलं, मास्तरांनी चष्मा लावून चारही कप्पे तपासले. रिकामे. पाचव्यात कार्डं इतकी दाबून बसलेली की पुठ्ठा फुगलेला. मोजली. हजार.

"हरलो," मास्तर म्हणाले, आणि त्याचा हात हातात घेतला. "मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय, पण असा विद्यार्थी मिळाला नाही." मग मला म्हणाले, "सुट्टीत गावी जातोय. आल्यावर शाळेचं इन्स्पेक्शन. अर्ध्या मिशीने साहेबांपुढे उभा करू नकोस मला. ते झालं की पुढच्या रविवारी बसतो. शब्द दिला म्हणजे दिला."

काशीनाथने त्या रात्रीच हालिनाला पत्र लिहायला घेतलं. म्हणाला, तिला सांगतो, खोकं भरलं.

परीक्षेला मी त्याला वापीपर्यंत सोडायला गेलो, जीपमधून. त्याच्या खिशात एकही कार्ड नव्हतं, हे मला दिसलं. नाहीतर कार्डांशिवाय तो दुधनीलाही जात नसे.

दुसऱ्या दिवशी परतला. दुर्गाने विचारलं, कसा गेला पेपर. तो म्हणाला, "माहितीच्या माणसाने रस्त्यात हाक मारावी आणि नाव आठवू नये, तसं झालं. खूपदा." मग म्हणाला, "पण सगळ्यांना तसंच वाटत असेल."

डिसेंबराच्या मध्यावर निकालाचा लिफाफा आला. नापास. त्या दिवशी तो जेवायला आला नाही. दुर्गाने डबा भरून मला वर पाठवलं. दुपारची वेळ होती, दार उघडंच होतं. त्याने पाचवा कप्पा पलंगावर पालथा केला होता आणि कार्डं एकेक करून दोन ढीग लावत होता. मला बघून सरकून जागा केली.

"बस. संपतच आलंय."

मी डबा हातात धरून बसलो. शेवटचं कार्ड त्याने बघितलं, ओठ हलवले, उलटलं, डावीकडच्या ढिगावर टाकलं. मग तो ढीग मोजला.

"दोनशे चौदा," तो म्हणाला. "दोनशे चौदा मला येत नाहीत, नथू. आणि सगळी पाचव्यात. म्हणजे एकदा येत होती. चारदा येत होती. आणि आता पुसली गेली." त्याने कपाळावर बोट ठेवलं. "खोक्याचा दोष नाही. हे जुनं झालं."

"काही तरी करू. मॅनेजरला भेटू. जानेवारीची परीक्षा..."

"भेटलो. कंपनीने माझ्या जागी दुसऱ्या माणसाचे कागद केले, आता वाढवून देत नाहीत. मंगळवारी निघायचं." मग हसल्यासारखं केलं. "हालिनाने शिवणयंत्र बहिणीला देऊन टाकलं. एवा वर्गात सगळ्यांना सांगून बसली."

तिथेही मी बोललो नाही. डबा ठेवला आणि खाली आलो. लोक म्हणतात, नथूला लाज नाही. खरं नाही ते. मला इतकी वाटली की तोंडच उघडेना.

पुढचं इथेच सांगून टाकतो. वर्षभरातच तिकडचं राज्य बदललं, पासपोर्ट घरात ठेवायला मिळायला लागले, कुणीही कुठेही जायला लागलं. तोवर कॅनडातल्या गिरणीने दुसरा माणूस घेतला होता, आणि वूचच्या गिरण्याही एकेक बंद पडत होत्या. मास्तरांना दोन पत्रं आली. मोठ्या मोठ्या शब्दांची, एकही चूक नसलेली, असं मास्तर म्हणाले. मला वाचून दाखवली नाहीत. मीही मागितली नाहीत. आता दहा वर्षं होत आली.

लिफाफा आला त्या संध्याकाळी मी दुर्गाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले नाहीत.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला कुठं जायचं होतं?"

रविवार उजाडला. इन्स्पेक्शन झालेलं, मास्तरांनी शब्द दिलेला. नऊच्या सुमाराला आम्ही किलवणी नाक्यावर. मी आठ दिवस आधीपासून सगळ्या कंपनीला आमंत्रण देऊन ठेवलं होतं, त्यामुळे फर्स्ट शिफ्ट सोडून सगळी गँग हजर. भाजीवाल्या, रिक्षावाले, पानवाला. रमाकांतने खुर्ची रस्त्याला काढून आरसा झाडाला टांगलेला. काशीनाथही आला होता, न्हाव्याच्या बाकड्यावर बसला होता. मंगळवारी जायचं, तरी आला. म्हणाला, माझ्यामुळे पैज जिंकलास, बघायला तर हवं.

मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुर्चीकडे निघाले. रमाकांतने टॉवेल झटकला.

"मास्तर, थांबा," मी म्हटलं. "तिथे मी बसतो."

"का रे? जिंकलास ना तू?"

"नाही."

लोकांना वाटलं, नथूचा नवा काही तरी खेळ. पुढे सरकले, हसू तयार ठेवून. मी मास्तरांना सांगितलं. चावी, दूध, पहिला कप्पा, पाचवा कप्पा. हळूच सांगायला गेलो, पण नाक्यावर हळू बोललेलं कुणाला ऐकू येतं? दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. मास्तरांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"तुम्ही त्याला इंग्रजीत सांगा," मी म्हटलं. "नीट. मला जमणार नाही."

"मी नाही सांगणार," मास्तर म्हणाले. "केलंस तू. तुला येतं तेवढ्यात सांग."

मी बाकड्यापुढे जाऊन उभा राहिलो. काशीनाथ वर बघत होता, गंमत कधी सुरू होते म्हणून.

"काशीनाथ. बॉक्स," मी म्हटलं. "आय टेक कार्ड. फ्रॉम वन. आय पुट इन फाइव्ह. एव्हरी डे."

त्याला कळलं नाही. मी परत म्हटलं. हाताने दाखवलं, इथून काढलं, इथे ठेवलं. मग कळलं. कान लाल झाले नाहीत, उलट पांढरे पडले.

"किती?" त्याने विचारलं.

"ऑल. टू हंड्रेड. युवर हेड गुड. व्हेरी गुड हेड. आय डू."

"का?"

मी मिशीला हात लावला. दुसरं काही दाखवायला नव्हतं.

तो मास्तरांकडे वळला. मास्तरांनी मान हलवली, आपल्याला माहीत नव्हतं म्हणून. काशीनाथ परत माझ्याकडे वळला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, लोकांपुढे दोन ठेवून दिल्या असत्या. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि कार्डांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला. त्याच दोनशे चौदांतली कार्डं. मंगळवारी घरी जायचं, परीक्षा गेलेली, गिरणी गेलेली, आणि त्याने ती परत पहिल्यापासून सुरू केली होती. गठ्ठा हातात धरून तो नुसता बसून राहिला.

मी खुर्चीत बसलो.

"डावी की उजवी?" रमाकांतने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता.

"कुठलीही."

फेस लावला, वस्तरा फिरला. हसायला आलेले लोक हसावं की नाही या विचारात होते. ज्यांना मागे उभं राहून काही ऐकू गेलं नव्हतं ते हसले. टॉवेल काढला, आणि ठरल्याप्रमाणे मी बस स्टँडकडे निघालो. तिकडच्या लोकांना तर काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मनापासून मजा केली. भाजीवाली सरुबाई ओरडली, "काय रे नथू, उंदराने कुरतडली का झोपेत?" एरवी मी तिला चार सुनावली असती. वापीच्या बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. कंडक्टरने घंटी मारली तरी ड्रायव्हरने गाडी सोडली नाही, माझं बघून होईपर्यंत. मी स्टँडला पूर्ण वळसा घातला. कुठेही तोंडावर हात घेतला नाही.

परत आलो तर गर्दी पांगली होती. मास्तर रमाकांतच्या दारात उभे, पाठ करून. काशीनाथ बाकड्यावर तसाच. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, मिशी होती त्या बाजूला आणि नव्हती त्या बाजूला. हसला नाही. मग गठ्ठ्यातलं वरचं कार्ड काढलं, ओठ हलवून शब्द म्हटला, आणि उलटून मागे काय लिहिलंय ते बघितलं.